आई आपणहून उठली नव्हती

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, आई ठीक आहे. म्हणजे मागच्या आठवड्यात होती तशीच. टाके सुकलेत. जेवण जेमतेम जातं. भावजी आणि मुलं मजेत ना? तुझा गुडघा कसा आहे?

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. ओळी अजून डोळ्यांपुढे हलतात. थोडं लिहायचं, डोळे मिटायचे, पुन्हा लिहायचं, असं परवापासून चाललंय. फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं.

शिवणकाम बंद आहे. परवा एक बाई मोठ्या हौसेनं चट्ट्यापट्ट्यांचं कापड घेऊन आल्या. मशीनवर पसरलं तर पट्टे असे सरकायला लागले की मी मशीनलाच मिठी मारली. "इतकं आवडलं?" बाईंनी विचारलं. मी हसले आणि कापड परत केलं.

मला नेमकं काय झालं ते तू विचारलं होतंस. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज आली. माझ्या डाव्या कानाच्या. बहुतेक विषाणूमुळे, म्हणतात. त्याआधी आठवडाभर मला सर्दी होती, आठवतं? गंमत म्हणजे ऐकू नीट येतं, कान ठणकतही नाही, त्यामुळे दुखणं कानातलं आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी पित्ताच्या गोळ्या खात होते. इस्पितळात आईच्या खोलीबाहेर बाकावर आडवी पडून पिशवीत ओकत होते, आणि सगळे म्हणत होते, आई पडल्याचा धक्का बसलाय बिचारीला.

शेवटी पाचव्या दिवशी आपल्या घरासमोरच्या नर्सबाईंनी मला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "माझ्या नाकाकडे बघत राहा," म्हणाले, आणि डोकं झटकन वळवलं. माझे डोळे तिथं राहिनात. "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात, तर स्टिरॉइड देऊन पाहिलं असतं. आता व्यायामच," असं म्हणाले. चक्कर थांबायच्या गोळ्या दिल्या, त्या फक्त तीन दिवसांसाठी. मी तीन आठवडे खाल्ल्या. परत गेले तेव्हा चांगल्या रागावले. "अहो, एक बाजू गेली तर दुसरीवर निभावायला मेंदूला शिकावं लागतं. तुम्ही त्याला झोपवून ठेवलंत!"

त्यांना काय सांगणार? चक्कर कमी झाली होती. झोप हवी होती म्हणून खात होते.

ताई, तुला सांगितलं ते खरं नाही. आई आपणहून उठली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी तोंड धुताना एकदा जमीन सरकली. आदल्या दिवशीही दोनदा झालं होतं. भिंत धरून उभी राहिले, थांबलं. आईला संडासला जायचं होतं. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "थांब गं, नर्सबाईंना हाक मार."

"रोज कोण उचलतं तुला?" मी तिच्यावर खेकसले. नर्सबाईंचं दार दहा पावलांवर आहे, ताई.

काखेत हात घालून तिला उठवलं. ती अर्धी उभी राहिली आणि सगळी खोली गरकन फिरली. मी डावीकडे कोसळले. तिला सोडलं असतं तर ती मागे पलंगावर बसली असती, बस. मी सोडलं नाही. आधाराला काहीतरी हवं होतं, म्हणून तिलाच घट्ट धरलं. ती माझ्याबरोबर फरशीवर आली. खुबा मोडल्याचा आवाज मी ऐकला. म्हटलं ना, ऐकू मला नीट येतं.

इस्पितळात विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच उठायला गेले." मग तुझा फोन आला. तू तिला केवढी बोललीस! "तुला कितीदा सांगितलं, एकटी उठू नकोस! ऐकायचंच नसतं का तुला?" ती फोन कानाला लावून ऐकत राहिली. मी शेजारीच होते.

नंतर मला म्हणाली, "तिला सांगू नकोस. तुमचं दोघींचं आधीच धड नाही."

आदल्याच रविवारी मी तुला आठवडाभर ये म्हटलं होतं. "तुझं नेहमीच काहीतरी असतं," तू म्हणालीस. मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाहीये. खरं तर थोडं त्यासाठीच लिहितेय. पण हाक मारायला दहा पावलं गेले नाही ती मी.

आता सकाळी आम्ही दोघी एकाच खोलीत व्यायाम करतो. मी अंगठा समोर धरून, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी करते, की भोवळ येऊन घाम फुटतो. तिला नर्सबाई वॉकरला उभं करतात. काल चार आकडे मोजेपर्यंत उभी राहिली. मला तिच्या मागेही उभं राहता येत नाही. बहुतेक जण काही महिन्यांत बरे होतात, असं माझे डॉक्टर म्हणतात. आईचे डॉक्टर तसं म्हणत नाहीत. नर्सबाई कामावर गेल्या की तिला काही हवं असलं तरी ती मागत नाही. पाणीही कमी पिते, उठावं लागू नये म्हणून. मला कळतं, आणि मी बसून राहते.

तू येशील की नाही, ठाऊक नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण आईला फोन कर, आणि तिला जे बोललीस ते परत घे. मला सगळं कळलंय, असं सांग तिला. चूक माझी होती, हे मला तिच्यासमोर अजून म्हणता आलेलं नाही.

आईला पाडणारी,
तुझी बारकी