उंबऱ्यापाशी एकच दिवा

ता. ९ डिसेंबर १९७३

तीर्थरूप आईस,
हौसरावाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. शेजारची चांगुणा हे पत्र नेहमीसारखे वाचून दाखवील.

शिपायाची नोकरी शाबूत आहे, हे आधी सांगतो. विजेच्या टंचाईमुळे विद्यापीठात काटकसरीचा हुकूम निघाला. रिकाम्या वर्गांतले दिवे रोज कोण लावतो, याची चौकशी झाली. तो मीच होतो. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये, हे तुझे सांगणे. मला सगळी इमारतच घर वाटे.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी बोलावले. खरे तेच सांगितले.

“मामा, वडगाव रासाईला आई किती दिवे लावते?”
“एकच जी, तुळशीपाशी.”
“लक्ष्मीला घर सापडतं?”
“आजवर तरी चुकली न्हाई.”
“मग इथंही एकच लावा!”

साहेब हसले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आता उंबऱ्यापाशी एकच दिवा लावतो आणि बाकीचे बंद करीत फिरतो; ते कामच मला दिले आहे. दिवसा उजेड आत यावा म्हणून खिडक्यांच्या काचाही पुसतो.

तुझ्या डोळ्यांना कसे दिसते? वात लावताना पदर सांभाळ. त्याच वेळी मी इकडे हात जोडतो, आणि देवाआधी तूच आठवतेस.

तुझा,
हौसराव