लिंबू, बदाम आणि समोरचं दार

४ नोव्हेंबर, सोमवार
लॅबमध्ये नाताळच्या जेवणाची यादी लागली. २० डिसेंबर. प्रत्येकानं घरी केलेलं काहीतरी आणायचं. माझ्या नावापुढे कुणीतरी आधीच ‘कागदी रुमाल’ लिहून ठेवलं होतं. गेल्या वर्षी मी तेच नेले होते. त्याच्या आदल्या वर्षीही.
खोडलं. ‘लिंबाची मऊ बदाम बिस्किटं’ असं लिहिलं.
आमचा कारखाना लिंबाचा रस काढतो आणि त्यातलं आम्ल मी मोजते. म्हणजे निम्मा पदार्थ माझ्या विषयातलाच. तीन ट्रायल पुरेत. आई एप्रिलपासून भावाकडे, दूर उत्तरेला बोलोन्याला आहे, त्यामुळे स्वयंपाकघर पूर्ण मोकळं. ही मोठी सोय आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार
ट्रायल १. इंटरनेटवरची रीत. एक बिस्किट हातातून पडलं. फरशीला काही झालं नाही, बिस्किटालाही नाही.
दोष ओव्हनचा.

७ नोव्हेंबर, गुरुवार
दोष ओव्हनचा नाही. थर्मामीटर लावून पाहिलं.
समोरच्या दारात दोन्ना वेनेरा राहतात; ‘दोन्ना’ हे गल्लीनं मानानं लावलेलं. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. आमच्या गल्लीत बारसं असो की लग्न, बिस्किटं त्यांचीच असायची. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. आत आज पहिल्यांदा गेले. फक्त रीत विचारायची होती. दहा मिनिटं ठरवली होती, एक तास पस्तीस मिनिटं लागली. त्यांच्या बोलण्यात मुद्दा कुठे येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळं ऐकावं लागतं.
रीत अशी: बदामाची पूड, तिच्याहून जराशी कमी साखर, अंड्यातलं पांढरं, चमचाभर मध, किसलेली लिंबाची साल. गोळे रात्रभर ठेवायचे, सकाळी भाजायचे. बस.
जराशी म्हणजे किती ग्रॅम, विचारलं. हाताला कळतं, म्हणाल्या. मी घरून वजनकाटा आणला आणि त्यांना तीन वेळा मूठभर बदाम टाकायला लावले. ४६, ५२, ३९. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.
मी पदवीधर, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे मला ‘डॉक्टरबाई’ म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
ट्रायल २ मऊ झाली. संध्याकाळी पाचला सॅम्पल घेऊन गेले. त्यांनी अर्धं बिस्किट तोंडात धरलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काहीतरी कमी आहे. काय, ते सांगता येईना. पुन्हा करून आण, म्हणाल्या, हिवाळा मोठा आहे, मेपर्यंत गल्लीत खुर्च्या टाकून बसायलाही कुणी येत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
ट्रायल ३, ४, ५. काहीतरी कमी आहे.
साखर बदामाच्या ८४ टक्के, ८८ टक्के, ९१ टक्के. प्रत्येक वेळी छताकडे पाहणं तेवढंच आणि निकाल तोच. परीक्षक सुसंगत आहे, ही जमेची बाजू.
पाचची वेळ कायम ठेवली आहे. सॅम्पल तोपर्यंत बरोबर थंड होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार
आज ट्रायल नव्हती. तरी पाचला गेले, कालच्या निकालावर चर्चा करायला. त्या टीव्हीवर प्रश्नमंजूषा बघत होत्या, म्हणून संपेपर्यंत थांबले. स्पर्धकांना त्या ‘गाढवा’ म्हणतात आणि स्वतःही चुकीचंच उत्तर देतात. मी बरोबर उत्तरं दिली. तर म्हणाल्या, डॉक्टरबाई, असं पटापट सांगितलंस तर आपण बघायचं काय?
ओट्याजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर उशी आली आहे. विचारलं नाही. पाठीला बरी पडते.
पुढच्या आठवड्यापासून चर्चा पंधरा मिनिटांत आटपायची.

२४ नोव्हेंबर, रविवार
दोन तास दहा मिनिटं.

२ डिसेंबर, सोमवार
ट्रायल ९. काहीतरी कमी आहे.
लॅबमध्ये इआनोला सांगितलं. तो माझ्या शेजारच्या टेबलावर तेलं तपासतो. म्हणाला, “अगं, पुरी रीत कुठली बाई सांगते? एक वस्तू मागे ठेवतात. माझ्या आजीनं सख्ख्या सुनेला बारा वर्षं सांगितली नव्हती.”
म्हणजे ट्रायल २ पासूनचे माझे आठ प्रयोग अपुऱ्या माहितीवर झाले. राग आला नाही. फक्त ठरवलं की हे शोधून काढायचं. त्यांना न विचारता काढलं तर त्यांनाही कौतुक वाटेल.

९ डिसेंबर, सोमवार
दोन्ना वेनेरांनी आज स्वतःच्या हातची चार बिस्किटं केली, माझ्यासाठी. तीन खाल्ली. चौथं कोटाच्या खिशात गेलं. ही चोरी नाही. ते मलाच दिलेलं होतं.

११ डिसेंबर, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बदाम, साखर, लिंबाची साल, आणि मध्ये पारदर्शक, फुगलेल्या पेशी. सालीच्या आतला पांढरा गर, साखरेत मुरलेला. लिंबाचा इतका जाड नसतो. महाळुंग, लिंबाच्याच जातीचं मोठं, जाड सालीचं फळ. महाळुंगाची पाकवलेली साल, बारीक वाटून. ओलावा तिच्यामुळेच टिकतो.
एकवीस मिनिटांत सापडलं. पाच आठवडे उगाच गेले.

१७ डिसेंबर, मंगळवार
ट्रायल १३. महाळुंग आठ टक्के. त्यांच्या सॅम्पलशी जुळतं, ओलाव्यात फरक ०.३ टक्के. डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येणार नाही.
रिपोर्ट तयार केला. तीन पानं, दोन तक्ते. पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घातला. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं.

१८ डिसेंबर, बुधवार
पाचला गेले. बिस्किट दिलं. या वेळी त्यांनी छताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.
मी रिपोर्ट दिला आणि पद्धत समजावली. सूक्ष्मदर्शकापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, “माझं बिस्किट तू कारखान्यात नेलंस?”
मी म्हटलं, एकच. 
त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं, फाइल मिटली आणि माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाल्या, “सांगणारच होते गं. मेपर्यंत पुरवणार होते.”
या वाक्याचा अर्थ लागला नाही. मेमध्ये ना बदामाचा हंगाम असतो ना महाळुंगाचा.
कॉफी केली नाही. बहुधा पावडर संपली असेल. पाच वाजून अठरा मिनिटांनी घरी. अखेर पंधरा मिनिटांच्या जवळ आले.

२० डिसेंबर, शुक्रवार
लॅबचं जेवण. बेचाळीस बिस्किटं सहा मिनिटांत संपली. एकीनं विचारलं, कुठल्या दुकानातली? घरची, म्हटलं. ती म्हणाली, पत्ता सांगायचा नाही तर नको सांगूस.
उद्दिष्ट पूर्ण.

२१ डिसेंबर, शनिवार
आता संध्याकाळी पाच ते सात मोकळे. जर्मन शिकायचं ठरवलं. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. शिवाय पाठीचे व्यायाम.
पाचला टीव्ही लावला. प्रश्नमंजूषा. सगळी उत्तरं बरोबर.

२५ डिसेंबर, बुधवार
आईचा फोन. एकटी आहेस का, विचारत होती. समोर बोलावलंय, असं सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून. दुपारी ट्रायल १३ ची सहा बिस्किटं खाल्ली. उत्कृष्ट आहेत. मऊपणात कुठेही कमी नाहीत.
समोरचं दार वाजवलं नाही. सणाच्या दिवशी लोकांना त्रास देऊ नये.

३० डिसेंबर, सोमवार
आज समोरून हसण्याचा आवाज आला. दोन बायकांचा. भिंती पातळ आहेत, बिल्डरचा दोष. दुसरी बाई तिसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरू असावी, मारिका, शाळेत शिकवते.
जर्मनचा पहिला धडा उघडला. नमस्कार, मी इलेनिया, तुम्ही कशा आहात. पुढचा धडा उद्या.

३ जानेवारी, शुक्रवार
विचार केला. परीक्षकाची विश्वासार्हता तपासायची राहून गेली आहे. कुठल्याही चाचणीत मुद्दाम बिघडवलेला एक नमुना द्यावा लागतो. तो दिला नाही तर माझा निष्कर्ष अपुरा राहील. लॅबमध्ये असं चालवून घेतलं नसतं.
ट्रायल १४: महाळुंग नाही. लिंबू नाही. मीठ १८ ग्रॅम.
यात काहीतरी कमी आहे, हे कुणीही सांगेल. मग पुन्हा करून आणावं लागेल. साधारण मेपर्यंत नीट आखता येईल. तक्ता केला आहे.

६ जानेवारी, सोमवार, सुट्टी
पाचला गेले. दार मारिकानं उघडलं, हात कोपरापर्यंत बदामाच्या पिठात. उशीच्या खुर्चीवर तिचा कोट होता. टेबलावर तिची बिस्किटं, रंगावरूनच टणक. दोन्ना वेनेरा तिचं अर्धं बिस्किट तोंडात धरून छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “काहीतरी कमी आहे, पोरी. उद्या पुन्हा कर.”
मग मला बसायला सांगितलं. कोट उचलायला मारिकाचे हात मोकळे नव्हते, म्हणून उभीच राहिले.
डबा पुढे केला. त्यांनी एक घेतलं. अर्धं नाही, सगळं. माझ्याकडे बघत चावलं, हळूहळू, आणि गिळलं. मग पेल्यातलं पाणी पूर्ण प्यायल्या.
“अगदी बरोबर झालंय, डॉक्टरबाई. तुला आता शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.”
मारिकानं चव बघायला हात पुढे केला, तर त्यांनी डबा मिटून माझ्या हातात दिला. घरी ने, म्हणाल्या, थंडीत चांगली टिकतात.
मी आभार मानले. पाच वाजून चार मिनिटांनी घरी.
ट्रायल १४. मीठ १८ ग्रॅम. परीक्षकाचा अभिप्राय: अगदी बरोबर.