यंदा मुराळी नको

पारोळा,
२५ एप्रिल १९९५

ती. स्व. पंडितभाऊस,

कुंदाचा नमस्कार. इकडे सारे बरे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी सांजोऱ्यांचा रवा त्यांनीच चाळून ठेवला. वहिनींचे पापड वाळले का?

आखाजीचा सण आठवड्यावर आला. मला माहेरपणाला न्यायला तू दरसालसारखा धाकट्या भिकनला मुराळी म्हणून धाडशील. यंदा मुराळी धाडू नकोस. का, ते लिहूनच सांगते. तोंडावर बोलले असते तर रडू आलं असतं, आणि तुला वाटलं असतं, बायकांचं नेहमीचंच.

शेफालीबद्दल लिहितेय. तुझ्या लेखी ती एक केस, पण आमच्या दारात वाढलेली पोर आहे ती. आईबाप बंगाली बोलायचे, इथल्या जिनिंगमध्ये कापूस वाहायचे. तिथल्याच पत्र्याच्या खोलीत ती जन्मली. नाळ माझ्या सासूबाईंनी कापली. आईबाप वारल्यावर आमच्याकडेच जेवून ती दहा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात पोलिसांनी तिला परदेशी म्हणून उचललं आणि जळगावच्या रिमांड होममध्ये टाकलं. आता म्हणे सीमेपलीकडे सोडणार. तिकडे तिचं आहे कोण?

कोर्टानं तिला सरकारी खर्चानं वकील दिला, तो नेमका तू निघालास. मी देवापुढे साखर ठेवली रे! सासूबाई तर गल्लीभर सांगून आल्या, "आते काय भ्याव नही, आपला पंडितभाऊ शे."

तारखेला आम्ही दोघी आलो होतो. शेफाली बाकावर कपड्यांचं बोचकं घेऊन बसलेली. आखाजीच्या तोंडावर भाऊ आला की बोचकं बांधायचं आणि निघायचं, एवढंच पोरीनं इथं पाहिलेलं. तू आत आलास तशी मला म्हणाली, "मामी, तुना भाऊ माले लेवाले उना ना?"

आणि तू उठून म्हणालास, "जन्माची नोंद नाही, आमची हरकत नाही." बसलास. सासूबाईंना साक्षीला बोलावलं नाहीस, पोरीला नावसुद्धा विचारलं नाहीस. बाहेर मला म्हणतोस, "फुकटच्या केसमध्ये इतकंच असतं, कुंदे." लाज वाटली मला तुझी.

नोंद नाही म्हणे! तुझी होती? शाळेत घालताना आबांनी मास्तरांना सांगितलं, "लिखा एक जून." त्यावर तू वकील झालास. तुझ्या वेळी आबांचा शब्द चालला, मग हिच्या वेळी सुईणीचा का चालू नये? हिच्या सालात इथं जन्मलेलं पोर इथलंच, असा कायदा आहे. तोही मला तुझ्याच ज्युनिअरनं सांगितला.

आता इतका वेळ टाळत होते ते लिहिते. काल मी कोर्टात तुझ्याविरुद्ध अर्ज दिला. या वकिलानं पोरीसाठी तोंड उघडलं नाही, दुसरा द्या. खाली सही केली, कुंदाबाई, वकिलाची बहीण. शुक्रवारी सुनावणी आहे. सासूबाई साक्ष देणार. आबांना काय वाटायचं ते वाटो.

रिमांड होमच्या बाई सांगत होत्या, पोर बोचकं सोडू देत नाही, उशाशी घेऊन झोपते. एक भाऊ न्यायला आला आणि तसाच गेला, एवढंच तिला कळलंय.

शुक्रवारी ये. "मागच्या तारखेला मी काहीच विचारलं नाही," एवढं जज्जसाहेबांपुढे कबूल कर. पोर सुटली तर तूच तिला पारोळ्याला आणून सोड. तिची आखाजी होऊ दे, मग मी माहेरी येईन.

शेफालीची मामी,
आणि शुक्रवारपर्यंत तरी तुझी बहीण,
कुंदा