चहाला या

प्रिय नोरीन,

हेही पत्र मी पाठवणार नाहीच, म्हणून खरं ते लिहिते.

फुलवूडच्या या मोठ्या घरात तीन वर्षांत आज पहिल्यांदा शेजारीण आली. "चहाला या," असं मीच मिसेस पेनिंग्टनना म्हटलं होतं. सकाळपासून खपून मटण-बटाट्याचा स्ट्यू केला, दोन ताटं मांडली. बाई चारला आल्या. कपभर चहा घेतला, अर्धं बिस्कीट खाल्लं.

मेली माझी जीभ! चहा म्हणजे संध्याकाळचं जेवण, ते आपल्या ॲटरक्लिफच्या कामगारांच्या गल्लीत. इथल्या बड्या लोकांत चहा म्हणजे नुसता चहा. गेल्या ईस्टरला तू फाटकाशी याच बाईंसमोर ओरडलीस, "हिल्डे, चहाला काय रांधलंयस गं?" तेव्हा मीच तुला झापलं होतं, "जेवण म्हण, जेवण! लाज आणतेस." तू उंबराही न ओलांडता बसने परत गेलीस.

बाई उठल्या. ताटांकडे बघून म्हणाल्या, "कोणी यायचंय वाटतं?"

मी म्हटलं, "हो, बहीण येतेय माझी. चहाला."

तुझीच बहीण,
हिल्डा