पायांवरची जाळी

जानेवारी, मंगळवार. सकाळी वर्ध्याला दवाखान्यात जाऊन रक्ताचे रिपोर्ट घेतले. दुपारच्या बसनं आर्वीला परत आले. थंडी आहे.

आई, तुझ्या पायांवर होती तशी जाळी माझ्याही पायांवर आली आहे. जांभळट, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, गारठ्यात जास्त गडद होणारी. डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला पाहिलं आणि आधी विचारलं, "कोळशाच्या शेगडीजवळ बसता का? धगीनंही असं होतं." म्हटलं, आमच्या घरी शेगडीच नाही. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. आज म्हणाल्या, शरीरच स्वतःविरुद्ध काहीतरी तयार करतं, त्यामुळे रक्त नको तिथं गोठतं. कातडीवर ते असं जाळीसारखं दिसतं. माझी दोन बाळं पोटातच गेली, तीही बहुतेक त्यानंच. "आईला होतं का असं?" त्यांनी विचारलं.

मला रोहण्याच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर दिसलं. तू शेगडीशी पाय घेऊन बसली आहेस आणि आजी दारातून म्हणते आहे, "दिवसभर शेगडीले चिटकून बसतं, मंग पाय भाजतीन नाई तं काय? अन् लेकरू काऊन टिकत नाई म्हणून इचारतं! सारी आग पोटात घेऊन राह्यली." तू हसतेस. "मांजर आहो मी, आत्याबाई. बसू द्या." शेवटी आजीनं शेगडी माळ्यावर टाकली. तुझ्या काळजीनंच टाकली. पण डाग गेले नाहीत, उलट काळवंडले. त्या हिवाळ्यात मी शाळेतून आले की तू हाक मारायचीस, "ये वं, माहे पाय घेऊन बस जरा." मी ते मांडीवर घेऊन फ्रॉकनं झाकायची. किती वेळ गारच राहायचे. मग एका सकाळी तुझं तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. लोक लकवा म्हणाले. तेव्हा तू माझ्या आजच्या वयाहून लहान होतीस.

आजीही गेली आता. शेगडीचं काही नव्हतं, तुझंही काही चुकलं नव्हतं, हे तुम्हा दोघींना एकत्र बसवून सांगायचं होतं.

मला रोज गोळी आहे. "गुठळीचा धोका कमी होईल, पण जाळी जाईलच असं नाही," डॉक्टरबाई जरा वाईट वाटून म्हणाल्या. खरं सांगू, ऐकून मला बरं वाटलं. घरात तुझा एकच फोटो आहे, त्यात तुझे पाय नाहीत.

हे कुठं पाठवायचं? कागद मिटून उशीखाली ठेवते. बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणते आणि पलंगावर बसून एकेकाची घडी घालते.