बमरोलीची देवी

सुरत, ४ फेब्रुवारी १९९६

चि. धनश्रीस वंदनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पुण्याला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. आपल्या जुन्या शाळेत अंधश्रद्धेवर भाषण द्यायला आलीस आणि आधी स्वतःचा बाक शोधत बसलीस, हे हेडमास्तर अजून हसून सांगतात.

आता मुद्द्याचं. तुझी रीत अशी, की आधी चमत्कार, मग त्याचं कारण. माझ्या आठवीतल्या हर्षदाला पुढे बोलावून तू तिच्या हातून समिधांवर पळीभर काहीतरी ओतवलंस आणि काडी न लावता जाळ झाला. तेवढ्यात नगरसेवक आले. मग शाल, नारळ, त्यांचं भाषण. पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड आणि ग्लिसरीन हे कारण तू मुलांना नंतर वर्गात सांगितलंस, पण कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाया तोवर कामाच्या पाळीला निघून गेल्या होत्या. त्यांनी फक्त जाळ पाहिला.

त्यांच्या बमरोली वस्तीत आता हर्षदाच्या अंगात देवी आली आहे. तिचा बाप निंबा लूमवर कारागीर आहे. त्याने तिला पाटावर बसवलंय. मंगळवारी दर्शनाला रांग लागते. पोर शाळेत येत नाही. काय करावं ते कळव.

माया आहे, ती आटू देऊ नकोस.
तुझी आत्या


पुणे, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास धनश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि अन्न गोड लागेना. ज्या वस्तीत पोरीला वही मिळायची मारामार, तिथे तिला पाट मात्र लगेच मिळतो. उद्या तिच्याकडे मूल मागायला येतील, परवा तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याऐवजी तिच्या पायावर घालतील. ते मेलं तर खापर कुणावर फोडायचं? हर्षदावर की माझ्यावर? आत्या, खोटं कधी एकटं राहत नाही, ते कुटुंब वाढवतं. मी पुन्हा येते. त्यांच्याच चौकात, त्यांच्याच डोळ्यांसमोर सगळं उलगडून दाखवते. तू फक्त निंबाभाऊंना सांगून ठेव.

रागावलीस तरी आपली म्हण.
धनू


सुरत, १९ फेब्रुवारी

चि. धनूस आशीर्वाद.

येऊ नकोस. मी हर्षदाकडे जाऊन आले. माणसं पांगल्यावर ती माझा हात धरून तिच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, “बाई, त्यास्ले काही सांगू नका. मी देवी शे, तवलोंग मनं लगीन नही.”

ती देवी आहे तोवर तिचं लग्न टळतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न ठरलं होतं. स्थळ नवापूरकडचं, मुलगा तिच्या दुप्पट वयाचा. देवी आली म्हटल्यावर ते लोक घाबरून मागे सरले. आता तिला कुणी भांडी सांगत नाही, बाप आवाज चढवत नाही. पाटावर बसून ती माझ्याकडून विज्ञानाचे धडे ऐकते. बायांना वाटतं, बाई पोथी सांगताहेत, म्हणून त्याही हात जोडून बसतात. काल त्यांनी पचनसंस्था ऐकली. मी हसू कसं दाबलं ते मलाच माहीत.

दहावीपर्यंत एवढं चालू दे, धनू. तिला दुसरा आडोसा नाही.

एवढं ऐकशील ना?
आत्या


पुणे, १२ मार्च

ती. आत्यास सा. न.

बमरोलीतल्या सभेनंतर तू मला सोडायला सुरत स्टेशनवर आलीस, पण गाडी सुटली तरी पाठमोरीच उभी होतीस.

मी ऐकलं नाही, कारण मला ऐकता येईना. पोरीला वाचवायला देवी लागत असेल, तर आपण शाळा काढल्या कशाला? लग्नाचं मी विसरले नव्हते. म्हणून तर प्रयोगाला हात घालण्याआधी निंबाभाऊंना उभं केलं. हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या वस्तीसमोर त्यांनी शब्द दिला, की पोरगी मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. मग मी जाळ करून दाखवला, कारण सांगितलं आणि त्यांच्याच हातून पुन्हा करवला. एवढी शांत सभा मला आजवर मिळाली नव्हती. बाया पूड बोटावर घेऊन बघत होत्या. हर्षदाने मात्र मान वर केली नाही. शाळेत परत आली, की ती मोकळी होईल.

ती आल्याचं कळव, आणि मला माफ झालं तेही.
धनू


सुरत, २५ एप्रिल

चि. धनश्रीस.

तुझ्या मार्चमधल्या पत्राला आजवर उत्तर दिलं नाही.

तू फार छान बोललीस. वस्तीला तुझा शब्द न् शब्द पटला. देवीचा पाट उचलला गेला, रांग बंद झाली. आता नारळातून कुंकू काढणारा कुणी आला, तर बायाच त्याला विचारतात, आत काय भरलंस बाबा. तू आयुष्यभर जे मागत आलीस, ते बमरोलीने तुला दिलं. नवापूरकरांच्याही ते कानावर गेलं, आणि त्यांची भीती गेली.

आखाजीला हर्षदाचं लग्न झालं.

कळलं तशी मी आदल्या दिवशी धावत गेले. निंबाला त्याच्या शब्दाची आठवण दिली. तो चिडला नाही. मला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि अगदी अदबीने म्हणाला, “बाई, तो शब्द मी देवीच्या डोक्यावर हात ठेवून दिला होता. देवी नव्हतीच, हे ताईंनीच दाखवलं ना?”

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

आत्या