कड्याखालची नाडी

चंदीगड, ऑक्टोबर १९८८, मंगळवार संध्याकाळ

माझे पेशंट गुरबचनजी आज घरी गेले. स्वतःच्या पायांनी! मी अजून एकटीच हसतेय.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या बायकोने त्यांना आमच्या हॉस्पिटलात आणलं, एका हातात कर्फ्यू पास घट्ट धरून. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये अचानक छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं, कळ पाठीत उतरली, म्हणाले. आम्ही हार्ट अटॅक धरला. गुठळी विरघळवणारं औषध तयार होतं. आणि मी नेहमीप्रमाणे फक्त डाव्या मनगटाची नाडी पाहिली होती. उजव्या हातात शिखांचं धर्माचं लोखंडी कडं. पंजाब धुमसत असलेल्या या दिवसांत सरदारजींच्या कड्याला हात लावायचा नाही, उगाच कुणाला दुखवायचं नाही, ही माझी इथली दोन वर्षांची सवय. याला मी अदब म्हणत होते. अदब, की भीती?

शेवटी त्यांच्या बायकोनेच ते कडं वर सरकवलं. "ये हाथ ठंडा है जी, देखो तो."

डावीकडे नाडी ठणठणीत होती, इथे कड्याखाली जवळजवळ नव्हतीच. म्हणजे हा अटॅक नव्हे. महाधमनीचा आतला पदर फाटलाय! ते औषध गेलं असतं तर रक्त हृदयाभोवती साचून तिथल्या तिथे सगळं संपलं असतं. औषध थांबवलं. तपासणीत फाट दिसली, सर्जननी लगेच ऑपरेशनला घेतलं.

आज निघताना गुरबचनजींनी दोन्ही हात पुढे केले. "डॉक्टर साहिबा, अब दोनों देखना. पक्का!"

या वेळी कडं मी सरकवलं. खाली नाडी काय उड्या मारत होती! मोजायचं राहूनच गेलं. नुसती धरून बसले.